गावातल्या तरुणांसाठी अर्धवेळ काम: मानधन किती, वेळ किती आणि अडचण कुठे येते

सकाळी रानात पाणी द्यायचं, दुपारी तालुक्याला जाऊन कागद द्यायचे आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर वीस-पंचवीस पोरं गोळा करायची. बऱ्याच गावांत असा एखादा माणूस किंवा एखादी ताई असते. कुणी त्याला स्वयंसेवक म्हणतं, कुणी समन्वयक, कुणी मंडळाचा सेक्रेटरी, आणि म्हातारी माणसं 'ते पोरांचं बघणारं' एवढंच म्हणतात. हे काम अर्धवेळ असतं, त्याला पगार नसतो, मानधन असतं. कधी तेही नसतं. तरी दरवर्षी अनेक जण या कामाकडे वळतात, कारण शेती सोडायची नसते आणि गावही सोडायचं नसतं. हे काम कोण देतं, त्यात काय करावं लागतं, हातात काय पडतं आणि कुठं फसायला होतं, याची माहिती खाली दिली आहे.

काम देणारे कोण

सगळ्यात जुनं नाव नेहरू युवा केंद्राचं. १९७२ साली ही केंद्रं सुरू झाली आणि १९८७ मध्ये त्यांचं स्वायत्त संघटन झालं. गावोगावच्या युवा मंडळांच्या पाट्यांवर आजही हे नाव दिसतं. केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'मेरा युवा भारत' ही संस्था सुरू केली आणि आता जिल्ह्याचं कामकाज त्या नावाने चालतं. या यंत्रणेत राष्ट्रीय युवा स्वयंसेवक असे पद आहे. अट अशी की वय १८ ते २९, शिक्षण किमान दहावी पास, आणि अर्जदार नियमित कॉलेजात शिकणारा नको. एका तालुक्याला साधारण दोन जण. निवड जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. मानधन महिना ५,००० रुपये, मुदत एक वर्ष, काम चांगलं असेल तर आणखी एक वर्ष. दोन वर्षांच्या पुढे नाही. ही सरकारी नोकरी नाही आणि पुढे नोकरीवर हक्क सांगता येत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. तरीही कुणी 'दोन वर्षांनी परमनंट करतात' असं सांगत असेल आणि त्यासाठी पैसे मागत असेल तर तो फसवतोय एवढं समजून घ्यावं. जाहिरात निघाली आहे का, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारलेलं बरं, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर भरवसा ठेवू नये.

दुसरा रस्ता शाळेचा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सहावी ते आठवीत शंभराच्या वर पट असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असायला हवेत. खेडेगावच्या बऱ्याच शाळांचा पटच शंभरावर जात नाही, तिथं हा विषय मिटतो. जिथं जातो तिथंही नेमणुका आणि मानधन यांवरून प्रकरणं कोर्टापर्यंत गेली आहेत. त्यामुळे यावर संसार उभा करायचा विचार नको.

तिसरं म्हणजे संस्थांचे प्रकल्प. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्चावी लागते. त्यातून तालुक्यात संस्था येतात, किशोरी गट, संगणक वर्ग, खेळाचे वर्ग सुरू करतात आणि गावातलाच माणूस अर्धवेळ ठेवतात. इथं मानधन वेळेवर मिळण्याची शक्यता त्यातल्या त्यात जास्त. पण प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो. तो संपला की गाडी, बॅनर आणि साहेब तिघेही जातात आणि पोरं मात्र त्याच माणसाला विचारत राहतात, 'दादा, वर्ग कधी सुरू होणार?'

ग्रंथालय हाही एक धागा आहे आणि तो लोक विसरतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड वर्गाची अनुदानित ग्रंथालयं आहेत. ड वर्गाच्या ग्रंथालयात एकच माणूस ग्रंथपाल, शिपाई आणि कारकून असतो. अनुदान तुटपुंजं. पण खोली असते, बाकडी असतात, वीज असते. गावात अभ्यासिका सुरू करायची तर कोरी जागा शोधण्यापेक्षा हेच दार आधी ठोठवावं.

२०२४ च्या जुलैमध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. वय १८ ते ३५. बारावी पास असेल तर महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका ८,००० आणि पदवी असेल तर १०,००० रुपये. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी गावातलीच मुलं लागली. आधी मुदत सहा महिन्यांची होती, नंतर ती अकरा महिने झाली. त्यानंतर काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. योजनेचं नाव बदलतं, रक्कम बदलते, पण 'नंतर काय' हा प्रश्न या सगळ्याच कामांना चिकटलेला आहे. म्हणून हे काम घेतानाच तो विचारून टाकावा, घरच्यांसमोर.

पाच हजारांचा हिशोब

मानधन कागदावर दिसतं तेवढं हातात राहत नाही. समजा एका स्वयंसेवकाकडे आठ गावं आहेत. दिवसाला तीस किलोमीटर फिरणं, महिन्यात वीस दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. जुनी गाडी लिटरला पन्नास देते असं धरलं तर बारा लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०५ रुपये धरा, झाले १,२६० रुपये. मोबाईलचा रिचार्ज ३००, झेरॉक्स आणि फोटोच्या प्रिंट १५०. पाच हजारातून उरले ३,२९०. चारशे रुपये रोजाच्या मजुरीने मोजलं तर ही आठ दिवसांची मजुरी. बैठकीला चहा कुणी पाजायचा, स्पर्धेच्या ट्रॉफीला कमी पडलेले पाचशे कुणी घालायचे, हे यात धरलेलं नाही. गावात ते खिशातूनच जातात.

दुसरं म्हणजे मानधन दर महिन्याच्या एक तारखेला पडेल असं मानून कुणी गाडीचा हप्ता बांधू नये. निधी वरून येतो, हजेरी आणि अहवाल खालून जातो, आणि दोन्हींची गाठ कधी पडेल ते सांगता येत नाही. ज्याच्या घरात दूध, थोडी बागायत किंवा शिलाई मशीन असं दुसरं काही चालू आहे त्यालाच हे झेपतं. घरची पूर्ण जबाबदारी ज्याच्या एकट्यावर आहे त्याने हे काम घेतलं तर सहा महिन्यांत घरात कुरबूर सुरू होते. ती चुकीचीही नसते.

नेमणूक पत्र मात्र कुणाकडूनही, कितीही ओळखीचे असले तरी, लेखी घ्यावं. त्यात मुदत, मानधन, प्रवास खर्च मिळणार की नाही आणि कुणाला अहवाल द्यायचा, एवढ्या चार गोष्टी असाव्यात. 'तू आपलाच माणूस आहेस, कागद कशाला' असं म्हणणाऱ्याकडूनच पुढे मानधन बुडतं.

वेळापत्रक शेतीचं ठेवायचं

वरून येणारा कार्यक्रम इंग्रजी महिन्यांचा असतो आणि गाव चालतं पेरणी-काढणीवर. इथंच नवा माणूस पहिल्यांदा तोंडघशी पडतो. जून-जुलैत पेरणी, खुरपणी. त्या दिवसांत सायंकाळी सातच्या आधी बैठकीला कुणी येत नाही. सोयाबीनच्या काढणीत, म्हणजे ऑक्टोबरात, तर पोरं मळणी यंत्रावर असतात. बीड आणि आसपासच्या ऊसतोडीच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्याच्या वाटेला लागतं आणि मार्चनंतर परततं. अशा गावात नोव्हेंबरला युवा मंडळ काढून डिसेंबरात स्पर्धा ठेवली तर मैदानावर पंच जास्त आणि खेळाडू कमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीची परीक्षा. चैत्रात जत्रा, वैशाखात लग्नसराई.

मग उरतं काय? पोळ्यापासून गणपती-नवरात्रापर्यंतचे दिवस, दिवाळीच्या सुट्टीत बाहेर शिकणारी मुलं गावात येतात ते दहा-बारा दिवस, आणि डिसेंबर अखेर ते जानेवारी. जानेवारी त्यातल्या त्यात उत्तम. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती आणि स्वामी विवेकानंद जयंती एकाच दिवशी येते, तोच राष्ट्रीय युवा दिन, आणि १२ ते १९ जानेवारी युवा सप्ताह. याच सुमाराला कॉलेजांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरंही गावात येतात. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. यातल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास काम भरावं लागतं, म्हणजे शे-दीडशे हात गावाच्या दारात आयते येतात. पण बऱ्याचदा ही मुलं रस्ता झाडून, पथनाट्य करून निघून जातात, कारण गावाने त्यांना नेमकं काम सांगितलेलं नसतं. अर्धवेळ कार्यकर्त्याने शिबिराच्या महिनाभर आधी कॉलेजात जाऊन 'आमच्या गावात शाळेच्या कुंपणाचं एवढं काम आहे, अभ्यासिकेला रंग द्यायचा आहे, शेततळ्याच्या बांधावर झाडं लावायची आहेत' असं सांगून यावं. असं गाव प्राध्यापकांनाही हवंच असतं.

आठवड्याचं म्हणाल तर दोन संध्याकाळ आणि रविवारची सकाळ एवढं पक्कं ठेवलं तरी पुष्कळ. रोज करू म्हणणारे पंधरा दिवसांत थकतात. वार ठरलेला असावा आणि कुणी आलं नाही तरी त्या वेळी माणूस मैदानावर दिसावा. पहिले दोन महिने चार पोरं येतील. ती टिकली की बाकीची येतात.

मैदान, भरती आणि बाकीची पोरं

गावातल्या मुलांना सगळ्यात आधी काय हवं असतं? भाषण नको असतं. मैदान हवं असतं आणि भरतीची तयारी हवी असते. मैदानाला फार जागा लागत नाही. कबड्डीला पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. व्हॉलीबॉलला १८ बाय ९. खो-खोला २७ बाय १६. शाळेच्या मागचा कोपरा, गावठाणातली पडीक जागा यात हे बसतं. फक्त जागा कुणाच्या नावावर आहे ते आधी उताऱ्यावर पाहावं आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा. भावकीच्या वादातल्या जागेवर चुना मारला की दुसऱ्या दिवशी खेळ बंद आणि भांडण सुरू.

पोलीस भरतीचं गणित मुलांना तोंडपाठ असतं, तरी पालकांना सांगायला लागतं. शिपाई पदाला बारावी पास, वय खुल्या वर्गाला १८ ते २८ आणि मागास वर्गाला ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, मुलींना ८०० मीटर २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मग लेखी १०० गुणांची. मैदानीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात.

आता यातलं खरं दुखणं. दहातला एक निवडला जातो म्हणजे नऊ जण परत गावात येतात. ते वयाची २८ वर्षं होईपर्यंत डांबरी रस्त्यावर पळत राहतात, गुडघे दुखवून घेतात, आणि वय संपलं की एकदम रिकामे. अर्धवेळ कार्यकर्त्याने फक्त शिट्टी वाजवून पळवलं तर तो या नऊ जणांचं नुकसानच करतो. पळायला जरूर न्यावं, डांबरावर न नेता मातीवर न्यावं, पण पहिल्याच महिन्यात प्रत्येकाची उंची आणि वय मोजून वहीत लिहावं. १६२ सेंटिमीटरच्या एकवीस वर्षांच्या पोराला 'तू पण कर प्रयत्न' म्हणत तीन वर्षं पळवणं याला उत्तेजन म्हणत नाहीत. त्याला सरळ सांगावं आणि दुसरी वाट दाखवावी.

ती वाट प्रत्येक जिल्ह्यात आहे. अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. तिथं शेळीपालन, दुग्धव्यवसाय, मोटारसायकल दुरुस्ती, मोबाईल दुरुस्ती, शिवणकाम, वायरिंग असे काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग चालतात. राहणं-जेवण फुकट. ही कल्पना कर्नाटकातल्या उजिरे इथं १९८२ साली सुरू झाली आणि मग देशभर पसरली. गावातली पोरं तिथं जात नाहीत याचं एक कारण माहिती नसणं, आणि दुसरं म्हणजे 'शेळ्या राखायला ट्रेनिंग कशाला' ही टिंगल. तिथून शिकून आलेला एखादा पोरगा मैदानावर आणून बोलता केला की टिंगल थांबते.

मुली कुठे जातात

मुलींचं वेगळं लिहायला हवं. पाचवी-सहावीपर्यंत मैदानावर मुली दिसतात. नववीनंतर कमी होतात, दहावीनंतर दिसेनाशा होतात. यामागं एकच कारण नसतं. मैदानाजवळ संडास नसतो. संध्याकाळी दिवा नसतो. कट्ट्यावर बसलेली टोळकी असतात. घरी धाकटी भावंडं आणि स्वयंपाक असतो. कार्यकर्ता पुरुष असेल तर आई-बाप पाठवत नाहीत, आणि त्यांचं तसं चुकतंही नाही.

जिथं मुली टिकल्या तिथं साधारण अशा गोष्टी केलेल्या दिसतात: वेळ सायंकाळची सोडून सकाळची किंवा शाळा सुटल्यावर लगेचची, बरोबर अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा बचत गटातली एखादी बाई, आणि सुरुवात शाळेच्या खोलीतून, मैदान नंतर. आरोग्याच्या कामाचा मोठा उपयोग होतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून चालू आहे, तो १० ते १९ वयासाठी. ग्रामीण रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये मुला-मुलींना खासगीत बोलता येतं. आठवड्याची लोहाची गोळी, पाळीच्या अडचणी, वजन, हिमोग्लोबिन या निमित्ताने आया विश्वास ठेवतात आणि मग मुलीला खेळायला पाठवतात.

आणि मग एक दिवस गटातली एखादी मुलगी यायची थांबते. मैत्रिणी खाली मान घालून सांगतात की तिला बघायला पाहुणे आले होते. वय सोळा. ऊसतोडीला जाण्याआधी उरकून टाकायचं ठरलेलं असतं, कारण मागं एकट्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा बापाचा प्रश्न असतो आणि तो खोटा नसतो. या वेळी अर्धवेळ कार्यकर्ता कात्रीत सापडतो. त्याच गावात त्याला राहायचंय, तोच बाप त्याचा सोयरा किंवा शेजारी असतो. पण कायदा स्पष्ट आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ नुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. लावून देणारे, त्यात मदत करणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. फोन करणाऱ्याने नाव सांगायलाच पाहिजे असं नाही.

फोन शेवटचा. त्याआधी आईशी बोलणं, मुख्याध्यापकांना घेऊन घरी जाणं, आणि मुलीच्या मुक्कामाची सोय काढणं. हंगामी वसतिगृह, नात्यातलं घर, सरकारी कन्या वसतिगृह यापैकी काही जमलं तर बाप अनेकदा स्वतःच लग्न पुढे ढकलतो. सोय न काढता नुसता कायदा सांगितला तर लग्न दुसऱ्या गावात होतं, आणि बाकीच्या चार मुलींचे बापही त्यांना गटातून काढून घेतात. म्हणून हा विषय हळदीच्या दिवशी हातात घेऊ नये, पाहुणे येऊन गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात घ्यावा.

मुलांसोबत काम करताना

अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींबरोबर काम करणाऱ्याने स्वतःवरही काही बंधनं घालून घ्यावीत. सहलीला, स्पर्धेला नेताना पालकांचं सहीचं पत्र. मुलींचा संघ बाहेरगावी जाणार असेल तर सोबत बाई हवीच. एकट्या मुलाला-मुलीला बंद खोलीत बोलावणं नाही, रात्री खासगी मेसेज नाहीत. संस्था मागत नसली तरी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून ठेवावा, तो ऑनलाइन मिळतो.

लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर ती गावात 'बसून मिटवायची' नसते. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि दडवणं हाही गुन्हा आहे. मुलाचं-मुलीचं नाव, फोटो, घर ओळखू येईल असं काहीही कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. अशा वेळी सरपंच, पोलीस पाटील, भावकी सगळे 'गावाचं नाव जाईल' म्हणतात. गावाचं नाव त्यानंतरही राहतं. नंबर ११२.

मनाचं दुखणंही आता वाढलेलं दिसतं. भरतीत नापास, लग्न जमेना, बापाचं कर्ज, हातात मोबाईल आणि ऑनलाइन रमी. गप्प झालेला पोरगा कार्यकर्त्याला सगळ्यात आधी दिसतो, कारण तो मैदानावर यायचा थांबतो. त्याच्या घरी जाऊन यावं, एवढं साधं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर व्यायामशाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यायला शंभर रुपये लागतात.

मंडळाचे कागद

निधी, साहित्य, पुरस्कार काहीही मागायला गेलं की पहिला प्रश्न 'मंडळ रजिस्टर आहे का?' बहुतेक गावांत ते असतं. वीस वर्षांपूर्वी केलेलं. त्यातले अध्यक्ष पुण्यात कंपनीत, सचिव वारले, खजिनदार दुसऱ्या पार्टीत. गावात नवीन पोरांनी मंडळ ताब्यात घेतलेलं असतं पण कागदावर जुनीच माणसं.

नवं मंडळ काढायचं तर किमान सात सभासद लागतात. नोंदणी संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० अशा दोन्हींखाली, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. पण खरी मेहनत नोंदणीनंतरची. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, दाखल करावा लागतो. तो केला नाही तर शेड्यूल वनवर जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. दरवर्षी हिशोबाचं ऑडिट करून द्यावं लागतं. वकिलाची आणि सीएची फी परवडत नसेल तर सरळ विचार करावा: मंडळाला खरंच नोंदणी हवी आहे का? नुसता कबड्डीचा संघ आणि अभ्यासिका चालवायची तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा समितीची परवानगी पुरते. नोंदणी करून हिशोब न देण्यापेक्षा ते बरं.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय मात्र पाहून ठेवावं. क्रीडा साहित्य, व्यायामशाळा, मैदान यांच्या योजना तिथून चालतात. जिल्हा युवा पुरस्कारही तिथलाच, १३ ते ३५ वयाच्या युवक-युवतींसाठी आणि संस्थांसाठी. त्याला कामाचे पुरावे लागतात: फोटो, तारखा, हजेरी, वर्तमानपत्रातली कात्रणं. काम करणाऱ्यांकडे हे नसतं आणि कात्रणं असणाऱ्यांकडे काम नसतं, असा अनुभव आहे.

ग्रामपंचायतीच्या पैशाचंही असंच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभा तरुणांनी सोडू नयेत. गावाचा विकास आराखडा तिथं मंजूर होतो. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. मुलींच्या खेळाचं साहित्य, अभ्यासिकेतला मुलींचा संडास हे त्यात बसवता येतं. 'तरुणांसाठी काहीतरी करा' असं म्हणून कुणी काही करत नाही. 'दोन हॅलोजन, एक नळ, अमुक ठिकाणी, अंदाजे खर्च इतका' असा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

पार्टी, वर्गणी आणि डीजे

हे न लिहिता चालणार नाही. निवडणूक आली की पहिली मागणी तरुण मंडळाकडे येते. कुणी टी-शर्ट देतं, कुणी क्रिकेटची बॅट, कुणी सरळ पाकीट. टी-शर्टवर फोटो छापलेला असतो. एकदा एका बाजूचे टी-शर्ट घातले की दुसऱ्या आळीची पोरं मैदानावर येणं बंद. त्या आळीत कोण राहतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ही फूट नुसत्या पार्टीची राहत नाही, जातीची होते. मदत घ्यायचीच असेल तर ती ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या नावे, पावती करून, फोटोशिवाय घ्यावी. मिळणारी मदत कमी होईल. होऊ द्यावी.

गणपतीची वर्गणी आणि वर्षभराच्या कामाचा पैसा एकाच पिशवीत ठेवू नये. डीजेला तीस हजार खर्चून अभ्यासिकेच्या वीजबिलाला पाचशे नसतात, ही तक्रार म्हातारी माणसं करतात आणि त्यांना उत्तर देता येत नाही. वही दोन ठेवाव्यात. वर्षातून एकदा, विसर्जनानंतरच्या रविवारी, दोन्ही वह्या देवळात मोठ्याने वाचाव्यात.

मुदत संपताना

काम सुरू करताना कुणी या गोष्टीचा विचार करत नाही. दोन वर्षं, अकरा महिने, प्रकल्पाची तीन वर्षं, जे असेल ते संपतंच. शेवटचे तीन महिने नवीन कार्यक्रम घेऊ नयेत. त्या दिवसांत गटातलीच दोन मुलं, त्यात एक मुलगी, पुढे उभी करावीत. त्यांना तहसील, पंचायत समिती, क्रीडा कार्यालय, कॉलेज इथं सोबत नेऊन साहेबांशी ओळख करून द्यावी, कारण गावात काम कागदाने कमी आणि ओळखीने जास्त होतं. चुन्याची पिशवी, शिट्टी, नेट, चाव्या यांची यादी करून सही घेऊन द्यावी. अनुभवाचं प्रमाणपत्र मानधन चालू असतानाच मागून घ्यावं, नंतर ते द्यायला तिथं कुणी सापडत नाही.

आणि एक वही द्यावी. त्यात मुला-मुलींची नावं, वय, शिक्षण, पालकांचा नंबर, कोण काय शिकलं, कोण कुठं लागलं आणि कोण यायचं थांबलं, हे सगळं असावं. शेवटच्या रकान्यातल्या नावांकडे नव्या माणसाने आधी जायचं.